ठेका बदलतो, कामगार तोच राहतो

पनवेल परिसरात नोकरीचे आता दोन प्रश्न आहेत. पहिला जुनाच, काम मिळण्याचा. दुसरा, मिळालेल्या कामावर घर चालण्याचा. पहिल्यासाठी मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, भूमिपुत्रांना किती जागा मिळणार यावर बैठका होतात. दुसऱ्याबद्दल फारच कमी बोलले जाते. कामाला लागलेल्या माणसाचा प्रश्न सुटला, असे आपण धरून चालतो.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. १८५२ पासूनची जुनी नगरपालिका, सिडकोने वसवलेले खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल हे नोड आणि आसपासची गावे एका कारभाराखाली आली. मेट्रो धावू लागली, अटल सेतू खुला झाला आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली. हे शहर रोज चालते ठेवणारा वर्ग मोठा आहे. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, घंटागाडीवरचा सफाई कामगार, मॉलमधली बिलिंग काउंटरवरची मुलगी, रुग्णालयातली आया आणि वॉर्डबॉय, गोदामात माल लावणारा तरुण, हॉटेलच्या भटारखान्यातला पोऱ्या, चार घरची धुणीभांडी करणारी मावशी, पाठीवर पेटी घेऊन मोटारसायकल दामटणारा डिलिव्हरी बॉय. यांची कामे वेगळी असली तरी दुखणी बहुतेक सारखी आहेत. पगार कमी, कामाचे तास जास्त, सुटी अनिश्चित आणि उद्याची खात्री नाही.

ही कामे चांगली नोकरी होऊ शकतात का आणि त्यासाठी संघटनांनी व मालकांनी काय करायला हवे, याचा हा आढावा आहे.

चांगले काम जन्माला येत नाही, घडवावे लागते

वॉचमनची किंवा सफाईची नोकरी मुळातच हलकी, तिथे यापेक्षा काय मिळणार, असा एक समज आहे. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास त्याविरुद्ध साक्ष देतो. गिरणीतले काम सुरुवातीला कोणत्याही अर्थाने चांगले नव्हते. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम, धुळीने भरलेली हवा आणि आठवड्याची सुटी नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या माध्यमातून कामगारांना एकत्र आणले, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. पुढच्या काही दशकांत महागाई भत्ता, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी एकेक करून मिळत गेले. गिरणीतला मुलगा हा लग्नाच्या बाजारात चांगला मुलगा ठरू लागला. यंत्रे तीच होती, धूळही तीच होती. बदलले होते ते मालक आणि कामगार यांच्यातले नाते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते जग मोडत गेले. गिरणी कामगारांच्या वारसांसाठी सोडत काढलेली काही घरे पनवेलजवळच्या कोन गावात आहेत. ज्या पिढीच्या आजोबांना रविवार मिळाला होता, त्या पिढीतली मुले आज सुरक्षा एजन्सीत, मॉलमध्ये, गोदामात लागतात आणि त्यांतल्या अनेकांना आठवड्याची सुटी पगार कापूनच मिळते. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी जिंकलेली गोष्ट एका क्षेत्रात टिकली नाही आणि दुसऱ्या क्षेत्रात पोचली नाही.

कामाचा दर्जा मोजायचा तर पगाराचा आकडा पुरेसा नसतो. पगार वेळेवर आणि बँकेत होतो का, त्याची चिठ्ठी मिळते का, कामाचे तास आधी कळतात का, भरपगारी सुटी आहे का, पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) खरोखर भरले जातात का, बसायला खुर्ची आणि वापरायला स्वच्छतागृह आहे का, पाच वर्षांनी याच कामात वरची पायरी दिसते का, आणि अन्याय झाला तर नोकरी न गमावता तो सांगता येतो का, हे सगळे त्यात येते. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण तोंड उघडता येत नसेल तर बाकीचे कागदावरच राहते.

ठेक्याच्या साखळीत हरवणारी जबाबदारी

पूर्वी ज्याच्याकडे काम, तोच मालक असे. आता काम रुग्णालयाचे, मॉलचे, महापालिकेचे किंवा सोसायटीचे, पण पगार देणारा ठेकेदार वेगळा. ठेकेदाराची निवड बहुधा सर्वांत कमी दराच्या निविदेवर होते. झाडू, गणवेश, रसायने, गाडीचे डिझेल यांचे दर सगळ्यांना सारखेच. कमी दर भरायचा तर कात्री लागते ती मजुरीला. हातात कमी पगार देणे, सुट्यांचे पैसे न देणे, जादा तासांना साध्या दराने पैसे देणे, पीएफची कपात करून ती न भरणे असे त्याचे नाना प्रकार आहेत. काही ठिकाणी बँकेत पूर्ण पगार जमा होतो आणि त्यातला काही भाग रोखीने मुकादमाला परत द्यावा लागतो.

ठेका संपला की दुसरा ठेकेदार येतो. काम तेच, माणसे बहुधा तीच, पण नोकरी कागदोपत्री नव्याने सुरू होते. दहा वर्षे त्याच आवारात झाडू मारणाऱ्या बाईची सेवा दर वेळी शून्यापासून मोजली जाते. ग्रॅच्युइटी, वेतनवाढ आणि अनुभव तिथेच संपतात. जुन्या ठेक्यात जो कामगार जास्त बोलत होता, त्याचे नाव नव्या यादीत नसते. संघटना बांधण्यातली सर्वांत मोठी अडचण हीच आहे. संप करायचा तरी कोणाविरुद्ध, ठेकेदार तर मार्चनंतर नसणारच.

कायद्याने याचा विचार केला नाही असे नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने द्यावा, अशी तरतूद होती आणि नव्या कामगार संहितेतही ती आहे. केंद्र सरकारने ९ डिसेंबर १९७६ रोजी आपल्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींमध्ये झाडलोट, सफाई आणि राखण या कामांसाठी कंत्राटी पद्धत वापरण्यास बंदी घातली होती. त्यावरून एअर इंडियाच्या सफाई कामगारांचा दावा उभा राहिला आणि डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कामगार थेट मूळ आस्थापनेचे होतात, असा निकाल दिला. २००१ साली स्टील अॅथॉरिटीच्या खटल्यात त्याच न्यायालयाने ती भूमिका बदलली. ठेका पद्धत रद्द झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असे ठरले. तेव्हापासून देशभर सेवाक्षेत्रातली ठेकेदारी निर्धास्त वाढली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत उपयोगी गोष्टी आहेत. किमान वेतन आता ठरावीक उद्योगांच्या यादीपुरते राहिलेले नाही, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे आणि मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. पण त्याच संहितांत एकमेव वाटाघाटीचा हक्क मिळवायला आस्थापनेतल्या ५१ टक्के कामगारांचे सदस्यत्व लागते आणि संपाआधी चौदा दिवसांची नोटीस लागते. एका ठेकेदाराचे पंधरा कामगार या इमारतीत, वीस त्या इमारतीत अशी विखुरलेली माणसे हा टक्का गाठणार कशी? एका आवारापुरती बांधलेली संघटना सेवाक्षेत्रात दुबळी राहते, हे ओळखूनच पुढचे उपाय शोधावे लागतील.

माथाडी कायदा: आपल्याच अंगणातला उपाय

या कोड्याचे एक उत्तर महाराष्ट्रात पन्नास वर्षांहून जुने आहे. हमालाला कायम मालक नसतो. सकाळी एका व्यापाऱ्याची गोणी, दुपारी दुसऱ्याची. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईच्या बाजारपेठांतल्या या पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला.

या कायद्याचे मर्म त्याच्या रचनेत आहे. त्याखाली नेमलेल्या मंडळावर कामगारांचे, मालकांचे आणि शासनाचे प्रतिनिधी बसतात. कामगाराची नोंदणी मंडळाकडे, मालकाचीही मंडळाकडे. व्यापारी कामाची मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरतो. मंडळ मजुरी कामगाराच्या खात्यावर जमा करते आणि लेव्हीतून पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधोपचार चालवते. टोळी दहा व्यापाऱ्यांकडे काम करो, कामगाराची सेवा एकाच खात्यावर वाढत जाते. व्यापारी बदलला म्हणून म्हातारपणाची पुंजी बुडत नाही. पनवेलला हे पुस्तकात वाचण्याची गरज नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आणि वाशीच्या बाजार समितीत ही व्यवस्था रोज चालते आहे. माथाडींची घरे, पतपेढी आणि रुग्णालय नवी मुंबईत उभे राहिले, ते याच रचनेच्या बळावर.

हाच साचा १९८१ साली खासगी सुरक्षा रक्षकांना लावला गेला. त्या कायद्याखाली स्थापन झालेली सुरक्षा रक्षक मंडळे रक्षकाची नोंदणी करतात, आस्थापनांकडे त्याला पाठवतात आणि मजुरी व लेव्ही स्वतः वसूल करतात. रायगड जिल्ह्यासाठीही असे मंडळ आहे. मंडळाचा रक्षक आणि खासगी एजन्सीचा रक्षक एकाच रस्त्यावर समोरासमोरच्या गेटवर उभे असतात. काम एकच, पण एकाचा पगार, सुटी आणि निधी ठरलेला, दुसऱ्याचा एजन्सीच्या मर्जीवर. दुसऱ्या प्रकारचे रक्षक अनेक पटींनी वाढले, कारण कायद्यातच एजन्सींना सूट देण्याची वाट होती आणि ती भरपूर वापरली गेली.

माथाडी व्यवस्थेत दोष शिरले, हेही सांगायलाच हवे. काम न करता पैसे मागणाऱ्या बोगस टोळ्या, वाराईच्या, म्हणजे माल उतरवण्याच्या मजुरीच्या, नावाखाली ट्रकवाल्यांची अडवणूक, मंडळात वर्षानुवर्षे न भरलेल्या जागा, यांमुळे उद्योजक या कायद्याचे नाव घेताच बिचकतात. बोगस टोळीमुळे खऱ्या माथाडीचेच सर्वांत जास्त नुकसान होते. तरीही रचना फसली असे म्हणता येत नाही. फसली ती देखरेख. मंडळे वेळेवर नेमली, हजेरी आणि लेव्ही संगणकावर आणली आणि खंडणीखोराला पोलिसांनी खंडणीखोर म्हणूनच वागवले, तर फिरत्या कामासाठी याहून चांगली व्यवस्था सापडणे कठीण आहे.

सफाई: दोन शहरे, दोन वाटा

मुंबईत कचरा वाहणाऱ्या कंत्राटी कामगारांना महापालिकेच्या व्यवस्थेत ‘स्वयंसेवक’ म्हटले जात असे. स्वयंसेवकाला मानधन मिळते, त्यामुळे कामगार कायदे लागत नाहीत, असा त्यामागचा हिशेब. मिलिंद रानडे यांच्या नेतृत्वाखाली कचरा वाहतूक श्रमिक संघाने कागद जमवले, हजेऱ्या सिद्ध केल्या आणि कोर्टाची लढाई लढवली. औद्योगिक न्यायाधिकरणाने २७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. विजय मोठा होता, पण त्यासाठी कामगारांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली. न्यायालयाची वाट खुली ठेवलीच पाहिजे, मात्र प्रत्येक शहराने प्रत्येक हक्कासाठी एवढी वर्षे मोजावीत ही अपेक्षा क्रूर आहे.

पुण्याने वेगळी वाट धरली. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या सहभागाने कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांची कष्टकरी पंचायत स्थापन झाली. कचरा वेचणे हे शहरासाठी केलेले काम आहे, ही मान्यता तिने आधी मिळवली. पुढे २००७ च्या सुमारास ‘स्वच्छ’ ही कामगारांचीच सहकारी संस्था झाली आणि पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. ठेकेदाराची जागा कामगारांच्या संस्थेने घेतली. संघटना आणि व्यवसाय चालवणारी संस्था एकमेकींचा हात धरून चालल्या. करार नूतनीकरणाच्या वेळी दर खेपेस ताण आला, पण हजारो स्त्रियांना ओळखपत्र, गणवेश आणि निश्चित काम मिळाले.

पनवेलमध्ये सिडकोकडून महापालिकेकडे सेवा टप्प्याटप्प्याने आल्या. हस्तांतरणात रस्ते, गटारे, दिवे यांची मोजदाद होते. त्यांवर राबणाऱ्या माणसांची सेवा किती वर्षांची झाली, याचीही नोंद त्याच फायलीत असायला हवी.

घरकाम: मालक लाखो, कामाचे ठिकाण घर

कोणतीही रचना सहज लागू न होणारे क्षेत्र म्हणजे घरकाम. इथे मालक स्वतःला मालक समजतच नाही. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी काम बंद ठेवून पगारवाढीची आणि सुटीची मागणी केली, तेव्हा मध्यमवर्गाला धक्का बसला होता. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनांनी एक साधे पण परिणामकारक हत्यार शोधले, दरपत्रक. भांडी, धुणे, झाडूपोछा, स्वयंपाक, माणसांची संख्या यांनुसार दर, महिन्याच्या भरपगारी सुट्या आणि दिवाळीला एका पगाराचा बोनस. संघटनेने दर जाहीर केला की एकटीदुकटी बाई घासाघीस करत बसत नाही. ती म्हणते, आमचा दर असा आहे.

२००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नोंदणी झाली, प्रसूती, अंत्यविधी अशा प्रसंगी मदत मिळण्याची सोय झाली, पण पगार, तास आणि सुटी यांना त्या कायद्याने हात लावला नाही. मंडळही मध्ये काही वर्षे निष्क्रिय राहिले. कर्नाटक, केरळ, राजस्थान यांनी घरकामाचे किमान वेतन जाहीर केले होते, महाराष्ट्र त्यात मागे राहिला. १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला, भारताने बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता अजून दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमायला सांगितले.

खारघर, कामोठे, नवीन पनवेलच्या इमारतींत आता बाईची हजेरी गेटवरच्या अॅपवर उमटते. ती किती वाजता आली, किती घरी गेली, रहिवाशांचे तिच्याबद्दल मत काय, सगळे नोंदले जाते. तिच्या बाजूची नोंद मात्र कुठेच नाही. पगार कोणी थकवला, लिफ्ट वापरू दिली का, तिने स्वच्छतागृह कुठे वापरावे, हे विचारणारे अॅप अजून कोणी काढलेले नाही. सोसायटी हे इथे नैसर्गिक एकक आहे. दोनशे घरांशी स्वतंत्र बोलण्यापेक्षा एका सोसायटीशी दरपत्रक, महिन्याच्या सुट्या आणि तळमजल्यावरचे स्वच्छतागृह यांचा करार करणे संघटनेला शक्य आहे.

मालकांनी करण्यासारखे

सेवाक्षेत्रात नफा कमी, स्पर्धा तीव्र, पगार वाढवला तर माणसे कमी करावी लागतील, हा मालकांचा युक्तिवाद तपासण्याजोगा आहे. त्यात तथ्यही आहे. एकट्या मालकाने दर वाढवला तर तो निविदेत हरतो. म्हणूनच सगळ्यांना एकच पायरी लागू करणारी व्यवस्था प्रामाणिक मालकाच्या हिताची असते. जर्मनीत इमारत सफाईच्या धंद्यात संघटना आणि मालक संघ यांनी ठरवलेले किमान दर २००७ पासून सर्व कंपन्यांना बंधनकारक झाले. तिथे ठेकेदार व्यवस्थापनाच्या जोरावर स्पर्धा करतो, मजुरी कापून नाही.

स्पेनमधील मर्काडोना या दुकानसाखळीचे उदाहरण व्यवस्थापनाच्या अभ्यासक झेनेप टॉन यांनी २०१४ च्या आपल्या पुस्तकात मांडले आहे. मालाचे प्रकार मर्यादित ठेवायचे, कामाच्या पद्धती नीट बसवायच्या, एकाच माणसाला अनेक कामे शिकवायची आणि गर्दीच्या अंदाजापेक्षा थोडी जास्त माणसे ठेवायची. मग चांगला पगार परवडतो, कारण चुका, नासधूस आणि सततची नवी भरती यांवरचा खर्च घटतो.

विमानतळाच्या शेजारी राहणाऱ्या पनवेलकरांसाठी सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचा अनुभव सर्वांत जवळचा आहे. २००० साली तिथल्या विमानतळ प्रशासनाने नियम केला की आवारात सेवा देणाऱ्या कोणत्याही ठेकेदाराने ठरावीक वेतन, आरोग्य विमा आणि प्रशिक्षण दिलेच पाहिजे. प्रवाशांची तपासणी करणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये नोकरी सोडण्याचे वार्षिक प्रमाण सुमारे ९५ टक्क्यांवरून १९ टक्क्यांपर्यंत खाली आले. वर्षभरात जवळजवळ सगळी माणसे बदलत होती, ती टिकू लागली. प्रवाशांची सुरक्षा कोणाच्या हाती अधिक चांगली, हे वेगळे सांगायला नको.

सोसायट्यांच्या वॉचमनचा हिशेब तर कागदावर मांडून पाहावा असा आहे. बारा तासांच्या ड्युटीत आठ तास साधे आणि चार तास जादा. जादा तासाला दुप्पट दर हा कायदा. म्हणजे एका रक्षकाला सोळा तासांची मजुरी द्यावी लागते आणि चोवीस तासांसाठी दोन रक्षकांची मिळून बत्तीस तासांची. तेच आठ तासांचे तीन रक्षक नेमले तर चोवीस तासांची. कायदा पाळला तर बारा तासांची ड्युटी महाग आहे. ती सर्वत्र चालते याचा अर्थ एकच: जादा तासांचे पैसे दिले जात नाहीत. सोसायटीच्या सभेत हा हिशेब कोणीच मांडत नाही, कारण एजन्सीचा दर ‘दर माणशी दर महिना’ असा येतो आणि तासांचा प्रश्न त्यात बुडून जातो.

वरची पायरी तयार करणे हेही मालकांच्या हातात आहे. अमेरिकेतल्या लास वेगास शहरात हॉटेल मालक आणि कामगार संघटना यांनी १९९३ मध्ये मिळून प्रशिक्षण संस्था काढली. भांडी घासणारा तिथे शिकून वेटर होऊ शकतो, स्वयंपाकी होऊ शकतो. पनवेल परिसरात हॉटेले, रुग्णालये आणि विमानतळ एकाच वेळी माणसे मागत आहेत. आया परिचारिकेची सहायक व्हावी, हाउसकीपिंगचा मुलगा सुपरवायझर व्हावा, यासाठी संयुक्त प्रशिक्षणाला याहून योग्य वेळ नाही.

अॅपवरचे काम

डिलिव्हरी आणि टॅक्सी अॅपवर काम करणाऱ्याचा मालक पडद्यामागे आहे. नीती आयोगाने २०२२ मध्ये देशात अशा कामगारांची संख्या २०२०-२१ साली ७७ लाख असल्याचा अंदाज मांडला. सामाजिक सुरक्षा संहितेनुसार कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत द्यायची आहे. राजस्थानने २०२३ मध्ये देशातला पहिला कायदा केला, कर्नाटकने २०२५ मध्ये केला आणि कामावरून काढण्यापूर्वी कारण व सूचना देण्याची अट घातली. प्रत्येक व्यवहारावर छोटी रक्कम कापून त्रिपक्षीय मंडळाकडे जमा करणे, ही या कायद्यांची पद्धत पाहिली तर ती माथाडी लेव्हीचीच धाकटी बहीण आहे. महाराष्ट्राने ही कल्पना सगळ्यांच्या आधी राबवली होती, त्यामुळे या कामगारांसाठी त्याने मागे राहणे शोभत नाही. डेन्मार्कमध्ये २०१८ साली हिल्फर या घरसफाईच्या अॅपने कामगार संघटनेशी सामूहिक करारही केला. अॅपशी करार होऊ शकत नाही, हे म्हणणे तिथेच निकालात निघाले.

संघटनांनी स्वतःकडे पाहावे

या परिसराला संघर्षाचा मोठा वारसा आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात बळी गेले आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळाला. त्याच भूमीत आज अनेक संघटनांचे लक्ष भरतीवर आहे. कोणाची किती माणसे लावायची, कोणाला ठेका मिळायचा, यावर शक्ती खर्च होते. माणूस एकदा कामाला लागला की त्याची पगार चिठ्ठी कोणी पाहत नाही. कुठे कुठे तर संघटनेचा नेताच नातेवाइकाच्या नावाने ठेकेदार असतो. कामगाराचा प्रतिनिधी आणि त्याचा मालक एकच झाला, तर त्याने दाद मागायची कोणाकडे? ज्याच्याकडे किंवा ज्याच्या घरात ठेका आहे, त्याला पदाधिकारी होता येणार नाही, असा नियम संघटनांनी स्वतःच्या घटनेत लिहायला हवा.

सेवाक्षेत्रात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, पण समितीत त्या मोजक्याच दिसतात. केरळमधल्या कोळिकोडच्या कापड दुकानांत दिवसभर उभे राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनी विजी पळितोडी यांच्यासोबत बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये केरळने कायदा बदलला. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. पुरुषांच्या नेतृत्वाने ही मागणी कधी यादीत घेतलीच नव्हती. ज्यांचे पाय दुखतात, त्यांनीच ती मांडली.

पनवेलमध्ये आज करता येण्याजोगे

यासाठी दिल्लीतल्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. महापालिकेने निविदेतून मजुरीचा भाग वेगळा काढावा. किमान वेतन, पीएफ, ईएसआय, रजा, बोनस हे न घटणारे आकडे म्हणून छापावेत आणि ठेकेदारांनी फक्त आपल्या सेवाशुल्कावर स्पर्धा करावी. पगार झाल्याची आणि पीएफ भरल्याची पावती आल्याशिवाय पुढचे देयक मंजूर करू नये.

दुसरे, ठेका बदलला तरी कामगार आणि त्याची सेवा कायम राहील, ही अट प्रत्येक करारात घालावी. ब्रिटनमध्ये असा नियम आहे. न्यूयॉर्क शहराने २००२ मध्ये इमारतींतल्या कामगारांना नव्या ठेकेदाराने किमान नव्वद दिवस ठेवलेच पाहिजे, असा कायदा केला. एका ओळीच्या या अटीने कामगाराची भीती जाते, आणि भीती गेली की संघटना आपोआप उभी राहू लागते.

तिसरे, विमानतळासाठी संपूर्ण आवाराचा एकच करार व्हावा. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर यांसारख्या दहा गावांनी आपली घरे सोडली, तेव्हा हा विमानतळ झाला. त्या गावांतल्या मुलामुलींना तिथे नोकरी मिळावी ही मागणी न्याय्य आहे, पण ती नोकरी कोणत्या दर्जाची असेल ही मागणी तिच्याइतकीच मोठी आहे. सिडको, विमानतळ कंपनी, ठेकेदार आणि संघटना यांनी एकत्र बसून आवारातल्या सर्व सफाई, सुरक्षा, सामान हाताळणी आणि खानपान कामांसाठी वेतन, तास आणि प्रशिक्षणाची एक पायरी ठरवावी. विमानतळ नवा आहे. चुकीची सवय लागण्याआधी बरोबर पद्धत बसवता येते.

चौथे, सुरक्षा रक्षक मंडळ आणि घरेलू कामगार मंडळ पूर्ण सदस्यांसह चालू राहावीत आणि त्यांची नोंदणी वॉर्डावॉर्डात व्हावी.

या सगळ्याचा निष्कर्ष एकच निघतो. सेवेतले काम वाईट होते ते कामगाराची सेवा ठेक्याला बांधल्यामुळे. ती कामाला, मंडळाला किंवा आवाराला बांधली की पगार, सुटी आणि सन्मान यांना टेकू मिळतो. माथाड्यांनी हे करून दाखवले आहे, आणि ते पनवेलच्या हद्दीतच दाखवले आहे.

वाचकांनी मात्र महापालिकेची आणि विमानतळाची वाट पाहत थांबू नये. आपल्यापैकी बहुतेक जण एखाद्या सोसायटीचे सभासद आहेत, म्हणजेच मालक आहेत. येत्या वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारा: आपला वॉचमन किती तास उभा असतो, त्याचा पीएफ खरोखर भरला जातो का, आणि एजन्सी बदलली तर त्याचे काय होते? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या, आणि ती समाधानकारक नसतील तर एजन्सीचा करार पुढे वाढवायला हात वर करू नका.